अडीच हजार कामगारांच्या कारखान्यात आयआर मॅनेजर म्हणून रुजू होताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: चाकण पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना. सातशे परमनंट, सतराशे कंत्राटी, शंभर ट्रेनी, तीन पाळ्या. आतापर्यंतचा अनुभव ऑफिस स्टाफच्या एचआरचा. आता आयआरची, म्हणजे कामगार संबंधांची जबाबदारी मिळते आहे. सुरुवात कुठून करावी आणि माणसे कुठे चुकतात?

सुरुवात पगारपत्रकापासून करा. युनियनच्या कमिटीची ओळख, लेबर ऑफिसची पहिली भेट, जुन्या केसेसच्या फायली हे सगळे करायचेच आहे, पण पहिल्या आठवड्यात पंचिंगचा डेटा आणि पे स्लिप शेजारी शेजारी ठेवून स्वतः हिशेब करा. स्टाफला महिन्याचा पगार माहीत असतो, कामगाराला तासाचा. आपण किती वाजता पंच केले, किती तास ओटी (ओव्हरटाइम) केला, किती पैसे यायला हवे होते, हे त्याला तोंडपाठ असते. तो आकडा चुकला की पुढची तीन वर्षे तुम्ही काहीही बोला, तो ऐकत नाही.

एक उदाहरण घेऊ. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18,200 रुपये. 26 दिवसांनी भागले की रोज 700, आठ तासांनी भागले की तासाला 87.50. पहिली पाळी सातची. बस उशिरा आली आणि कामगाराने 7 वाजून 4 मिनिटांनी पंच केला. बऱ्याच कारखान्यांत सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी कधीतरी 'अर्ध्या तासाचा टप्पा' भरून ठेवलेला असतो, त्यामुळे त्याचे 43.75 रुपये कापले जातात. चार मिनिटांचे होतात 5.83. कायदा सांगतो की जितका वेळ माणूस गैरहजर, तितक्याच वेळाची कपात. म्हणजे 37.92 रुपये जास्त कापले, तेही कंपनीचीच बस उशिरा आलेली असताना. आता उलटी बाजू बघा. त्याच माणसाला लाइन संपवायची म्हणून पाळी सुटल्यावर 50 मिनिटे थांबवले. ओटी दुप्पट दराने, म्हणजे तासाला 175. 50 मिनिटांचे 145.83. सॉफ्टवेअर खाली राउंड करते आणि अर्ध्या तासाचे 87.50 देते. येताना वर राउंड, जाताना खाली राउंड. प्रत्येक वेळचे चाळीस-साठ रुपये कंपनीच्या लेखी किरकोळ असतील, पण 'इथे आपल्याला लुटतात' ही भावना याच फरकातून तयार होते. आयटीवाल्यांबरोबर बसून दोन्ही नियम प्रत्यक्ष मिनिटांवर आणा. यासाठी मॅनेजमेंटशी भांडावे लागले तर भांडा.

दुसरी तपासणी ओटी कुणाला मिळतो याची. सुपरवायझरच्या मर्जीतल्या आठ-दहा जणांना रविवारचा ओटी आणि बाकीच्यांना काहीच नाही, हे दृश्य सर्रास दिसते. ओटीसाठी कुणाचा नंबर कधी येणार याची यादी लाइनच्या बोर्डावर लावा, ज्याने नकार दिला त्याच्यापुढे तशी नोंद करून पुढच्याला विचारा. एवढ्याने निम्मी कुरबूर थांबते.

कंत्राटी कामगारांचा हिशेब

तुमच्याकडे सतराशे लोक ठेकेदारांचे आहेत. 'ते आमचे नाहीत' हे वाक्य तोंडातून काढून टाका. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो मूळ मालकाने द्यायचा आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचा, ही तरतूद जुन्या कायद्यात होती आणि नव्या कामगार संहितेतही आहे. शिवाय गेटवर धरणे धरून बसणारे लोक ठेकेदाराच्या ऑफिसवर जात नाहीत, तुमच्याच गेटवर बसतात.

दर महिन्याला चार कागद जुळवायचे: सिक्युरिटीची गेट एंट्री, ठेकेदाराचे मस्टर, बँकेतून पगार गेल्याची फाइल, आणि पीएफचे ईसीआर (कुणाकुणाचा पीएफ भरला याची महिन्याची ऑनलाइन यादी). पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत, पीएफ आणि ईएसआयचा (कामगार विम्याचा) भरणा 15 तारखेपर्यंत. मस्टरवर 212 माणसे आणि ईसीआरवर 187 दिसली, तर ती पंचवीस माणसे कोण हे त्याच दिवशी विचारायचे, बिल थांबवूनच विचारायचे. कागद जुळले म्हणजे संपले असेही समजू नका. पगार बँकेत जातो, पण एटीएम कार्ड ठेकेदाराच्या मुकादमाकडे असते, असे घडते. भरतीच्या वेळी दोन-पाच हजार घेतले जातात, बुटांचे आणि गणवेशाचे पैसे कापले जातात. हे कुठल्याच कागदावर दिसत नाही. त्यासाठी कँटीनमध्ये कंत्राटी मुलांबरोबर जेवायला बसावे लागते आणि पहिले पाच-सहा वेळा काहीही न विचारता नुसते जेवावे लागते. सातव्या वेळी कुणीतरी आपणहून बोलतो.

दिवाळीचा बोनस हा यातला सर्वांत स्फोटक विषय. कायद्याने किमान 8.33 टक्के आणि वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा, पण महाराष्ट्रात तो दिवाळीआधी हातात पडला पाहिजे, ही कारखान्यांतली जुनी रीत आहे. परमनंट लोकांचा बोनस जाहीर झाला आणि कंत्राटींचे काहीच कळले नाही, तर त्याच दिवशी दुसऱ्या पाळीत लाइन थांबू शकते. दोन्ही तारखा एकाच नोटिशीत लावा. ठेकेदाराकडे बोनसची रक्कम आहे का, हे पंधरा दिवस आधी तपासा.

एकाच माणसाला वर्षानुवर्षे दर सात महिन्यांनी ब्रेक देऊन टेम्पररी ठेवण्याची जुनी सवय कंपनीत असेल तर ती लेखी दाखवून द्या. 1971 च्या महाराष्ट्राच्या कायद्यात, ज्याला आपण सगळे 'एमआरटीयू-पल्प' म्हणतो (युनियनची मान्यता आणि अनुचित प्रथांना आळा), कायम कामगाराचे हक्क टाळण्यासाठी बदली, कॅज्युअल किंवा टेम्पररी म्हणून वर्षानुवर्षे राबवणे ही अनुचित कामगार प्रथा ठरवलेली आहे. एका माणसाने लावलेला दावा शंभर जणांचा व्हायला वेळ लागत नाही.

तक्रारीला तारीख द्या

वीस किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती कायद्याने लागते. जास्तीत जास्त दहा सभासद, दोन्ही बाजूंचे सारखे, निर्णय 30 दिवसांत. समिती नेमणे सोपे आहे. अवघड आहे ती रोजची नोंद. एक साधे रजिस्टर ठेवा: क्रमांक, तारीख, नाव, विभाग, तक्रार काय, उत्तर कधी देणार, उत्तर कधी दिले. 'बघतो', 'वर कळवलेय' हे शब्द या धंद्यात विष आहेत. 'गुरुवारी चार वाजता सांगतो' म्हणा आणि गुरुवारी चार वाजता उत्तर तयार नसले तरी लाइनवर जाऊन 'अजून आले नाही, सोमवारी सांगतो' एवढे तरी सांगा. नकार द्यायचा असेल तर कारणासकट द्या. कामगार नकार पचवतो. टोलवाटोलवी झाली की मात्र तो युनियनच्या ऑफिसची पायरी चढतो, आणि तिथे त्याच तक्रारीला वेगळा रंग चढतो.

राउंड तिसऱ्या पाळीतही हवा. रात्री अडीच-तीनला प्रेस शॉपमधला पंखा बंद असतो, पिण्याचे पाणी संपलेले असते, फर्स्ट एडच्या खोलीला कुलूप असते. दिवसा सगळे ठीक दिसते.

सुपरवायझरच्या जिभेवर वेळीच काम करा. शिस्तीच्या प्रकरणांची मुळे बहुतेक वेळा त्याच्या तोंडून निघालेल्या एखाद्या शब्दात सापडतात. डिप्लोमा करून आलेला तेवीस वर्षांचा मुलगा पन्नाशीच्या ऑपरेटरला सगळ्यांसमोर 'ए, इकडे ये' म्हणतो. त्याला कायदा शिकवायच्या आधी एवढे शिकवा: वयाने मोठ्या माणसाला नावापुढे दादा किंवा काका लावून बोलायचे, चूक बाजूला घेऊन सांगायची, आणि 'उद्यापासून येऊ नको' हे शब्द कधीही उच्चारायचे नाहीत. शेवटचे वाक्य तर लेबर कोर्टात तोंडी सेवासमाप्ती म्हणून समोर येते आणि मग ते म्हटले नव्हते हे सिद्ध करत बसावे लागते.

रजेचे कॅलेंडर जानेवारीतच करा. कोकणातली मुले गणपतीला जाणारच, मराठवाड्यातली पेरणीला आणि लग्नसराईत, आषाढीला वारीत चालणारे ठरलेले लोक असतात, बिहार-उत्तर प्रदेशची मुले छठला जातात. रजा नाकारली तरी ती जाणार आणि मग तुम्हाला गैरहजेरीची चार्जशीट (आरोपपत्र) काढावी लागणार. आधीच लाइननिहाय कोण कधी जाणार ते ठरवले, तर उत्पादनही सांभाळता येते.

डोमेस्टिक इन्क्वायरी, म्हणजे कारखान्यातली अंतर्गत चौकशी

इथे सर्वांत जास्त केसेस हरल्या जातात, म्हणून जरा थांबून सांगतो.

घटना घडली की त्याच पाळीत लेखी रिपोर्ट घ्या. दोन दिवसांनी लिहिलेल्या रिपोर्टात सगळ्या साक्षीदारांची वाक्ये एकसारखी होतात आणि उलटतपासणीत कोसळतात. सीसीटीव्हीचे फुटेज लगेच कॉपी करून ठेवा, बऱ्याच यंत्रणांत ते काही दिवसांनी आपोआप पुसले जाते.

चार्जशीटचे दोन नमुने बघा. पहिला: 'आपण वरिष्ठांशी उद्धट वर्तन केले व शिस्तभंग केला.' यावर कामगार उत्तर काय देणार? दुसरा: 'दिनांक 14 रोजी दुसऱ्या पाळीत सायंकाळी 6 वाजून 40 मिनिटांनी प्रेस क्रमांक 7 वर आपण सेफ्टी गार्ड काढून काम करत होता. सुपरवायझरने गार्ड लावण्यास सांगितले असता आपण त्यांना पुढील शब्द उच्चारले…' आणि इथे शिवी असेल तर ती जशीच्या तशी लिहायची. 'अर्वाच्य भाषा वापरली' एवढे पुरत नाही, कारण शब्द नेमके काय होते यावरच गैरवर्तन किती गंभीर हे ठरते. त्यानंतर स्थायी आदेशांतले (कारखान्याच्या मंजूर सेवानियमांतले) नेमके कलम, आणि उत्तराला पुरेसा अवधी. चार्जशीट कामगाराला समजणाऱ्या भाषेत द्या. इंग्रजी चार्जशीट मराठी किंवा हिंदी वाचणाऱ्या माणसाच्या हातात देणे म्हणजे पहिल्याच पायरीवर केस कच्ची करणे.

चौकशी अधिकारी त्या विभागातला नको, घटनेचा साक्षीदार नको, आणि चार्जशीटवर सही करणारा तर मुळीच नको. कामगाराला सहकारी प्रतिनिधी आणू द्या. आधी कंपनीचे साक्षीदार, त्यांची उलटतपासणी, मग कामगाराची बाजू. प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या आणि त्या दिवसाच्या कामकाजाची प्रत त्याच दिवशी कामगाराच्या हातात. तो आला नाही तर एकतर्फी चालवण्याआधी पुढच्या तारखेची नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवा, नोटीस बोर्डावर लावा आणि पोचपावत्या जपून ठेवा. निष्कर्ष आल्यावर त्याची प्रत देऊन, आधीचे रेकॉर्ड दाखवून, प्रस्तावित शिक्षेवर त्याचे म्हणणे मागवा. निष्कर्ष आणि बडतर्फीचा आदेश एकाच दिवशी दिला, तर निर्णय आधीच झाला होता हे कोर्टाला सांगायला वेगळा वकील लागत नाही.

सस्पेन्शन असेल तर निर्वाह भत्ता दर महिन्याला वेळेवर गेलाच पाहिजे. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे पहिले 90 दिवस निम्मा, पुढे उशीर कामगारामुळे झालेला नसेल तर 75 टक्के, आणि चौकशी साधारणपणे 90 दिवसांत संपवायची. भत्ता अडवला आणि त्यामुळे माणूस चौकशीला येऊ शकला नाही, तर सगळी चौकशी वाया जाते.

शिक्षा गुन्ह्याच्या मापाची हवी. वीस वर्षे स्वच्छ रेकॉर्ड असलेल्या माणसाला एका शिवीबद्दल बडतर्फ केले तर कोर्ट शिक्षा बदलते, आणि मागच्या पगाराचा काही भागही अंगावर येतो. त्याच जागी दोन-चार दिवसांचे सस्पेन्शन दिले असते तर ते टिकले असते.

गैरहजेरीच्या केसमध्ये 'दहा दिवस आला नाही म्हणून नाव आपोआप कमी' हे चालत नाही. डी. के. यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली सांगितले की स्थायी आदेशात तशी तरतूद असली तरी माणसाला म्हणणे मांडायची संधी दिल्याशिवाय नोकरी संपवता येत नाही. इथल्या राहत्या पत्त्यावर आणि गावच्या पत्त्यावर, दोन्हीकडे पत्रे पाठवा. त्याआधी एक फोन करा. गावी वडील आजारी आहेत एवढेच कारण निघते आणि प्रकरण रजेच्या अर्जावर संपते.

लैंगिक छळाची तक्रार या रांगेत आणू नका. ती 2013 च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडेच जाते. त्या समितीचा अहवाल येण्याआधी आयआरने 'समजुतीने मिटवण्याचा' प्रयत्न केला, तर त्या बाईवर दुसरा अन्याय होतो.

युनियन, करार आणि आकडे

21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे एकापेक्षा जास्त युनियन असतील तर 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकमेव वाटाघाटी करणारी. तेवढा कुणालाच नसेल तर 20 टक्के किंवा जास्त पाठिंबा असलेल्यांची मिळून परिषद. 1971 च्या महाराष्ट्राच्या कायद्यात मान्यतेसाठी सलग सहा महिने 30 टक्के सभासद दाखवावे लागतात. आकडा कुठलाही असो, कागदावरची युनियन आणि कामगार ज्यांचे ऐकतात ते, यांतले अंतर तुम्हाला रोज माहीत असले पाहिजे. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होती आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार हे कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे उभे होते. वाटाघाटीच्या टेबलावर जे होते त्यांचे गिरणगाव ऐकत नव्हते, आणि ज्यांचे ऐकत होते त्यांना टेबलावर जागा नव्हती. त्या संपातून गिरणगाव पुन्हा उभे राहिले नाही. म्हणून, कमिटी आपल्या ऐकण्यातली असावी म्हणून तिच्या निवडणुकीत बोटे घालू नका. कामगारांनी निवडलेला कडक माणूस परवडतो, कारण त्याने दिलेला शब्द लाइनवर पाळला जातो.

करार जवळ आला की मागणीपत्र येण्याची वाट न बघता स्वतःचा खर्चाचा तक्ता तयार ठेवा. मूळ पगारात 1,000 रुपये वाढवले म्हणजे खर्च 1,000 नाही. पीएफ पूर्ण पगारावर भरत असाल तर 12 टक्क्यांनी 120, ग्रॅच्युइटीचे सुमारे 48, आणि महिन्याला सरासरी 30 तास ओटी असेल तर तासाला 9.62 प्रमाणे 288. झाले 1,456, अजून रजेचे रोखीकरण आणि असेल तिथे ईएसआय बाकीच. म्हणून एकूण आकड्यावर हात मिळवण्याआधी तो कुठल्या घटकात जाणार हे ठरवा. उलट सगळी वाढ भत्त्यांत कोंबायचा मोहही टाळा. वेतनाच्या नव्या व्याख्येत वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले की वरचा भाग पुन्हा वेतनात मोजला जातो.

उत्पादनवाढीचे कलम लिहिताना आजचा पाया आकड्यांत लिहा: कुठली लाइन, किती माणसे, तासाला किती नग, सायकल टाइम किती सेकंद. 'सहकार्य करतील' असे लिहिलेल्या करारातून पुढे फक्त वाद निघतात. कंपनी आणि युनियनमध्ये थेट झालेला करार सही करणाऱ्या पक्षांना बांधतो, सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार त्या युनियनचे सभासद नसलेल्यांना आणि पुढे रुजू होणाऱ्यांनाही. दोन युनियन असतील तर दुसरा मार्ग धरा. आणि मागच्या फरकाची रक्कम कोणत्या तारखेला खात्यात पडेल ते करारातच लिहा, ती तारीख चुकवू नका.

काम थांबले तर

संप अचानक येत नाही. आधी काळ्या फिती, मग जेवणावर बहिष्कार, मग ओटीला नकार, मग तासाचे नग हळूहळू कमी. तासाच्या उत्पादनाचा बोर्ड रोज भरलेला असेल तरच गो-स्लो सिद्ध होतो. वाद सुरू झाल्यावर भरायला घेतलेला बोर्ड कुणी मानत नाही. संहितेप्रमाणे संपाला 14 दिवसांची नोटीस लागते, आणि ठरवून निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजाही संप धरली जाते.

अशा वेळी पहिल्या 24 तासांत दोन चुका होतात. एक म्हणजे रागाच्या भरात कमिटीच्या पाच-सात जणांना एकदम सस्पेंड करणे. त्यामुळे मूळ मागणी बाजूला पडते आणि 'आमची माणसे आत घ्या' ही एकच मागणी उरते, जिच्यावर तडजोड जवळजवळ अशक्य. दुसरी म्हणजे बिनानोटीस दहा किंवा जास्त जण एकत्र गैरहजर राहिल्यास आठ दिवसांपर्यंत पगार कापण्याची जी तरतूद आहे, ती लगेच वापरणे. तरतूद आहे म्हणून ती वापरायलाच हवी असे नाही. जितके तास काम बंद तितक्याच तासांचा पगार कापा, तसे बोर्डावर लिहा, आणि कामगार उपायुक्तांना त्याच दिवशी पत्र द्या. त्याच संध्याकाळी बोलणीची वेळ कळवा.

परत कामावर घेताना गुड कंडक्ट बाँडवर सह्या मागू नका. कायदेशीर संपावरच्या कामगारांकडून कामावर घेण्याची अट म्हणून असा बाँड मागणे ही अनुचित प्रथा आहे. ते सोडले तरी गेटवर रांगेत उभे करून सही घेतलेला माणूस त्या दिवसाचा अपमान निवृत्तीपर्यंत विसरत नाही. पहिल्या पाळीला नेहमीचे गेट उघडा, नेहमीच्या बस सोडा, कँटीन चालू ठेवा आणि सुपरवायझरला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की उद्या संपाबद्दल एक शब्दही बोलायचा नाही. मशिन सुरू झाल्यावर तुम्ही स्वतः प्रत्येक लाइनवर जा. ज्या तक्रारीवरून हे सुरू झाले तिचे उत्तर कधी मिळणार ती तारीख तोवर बोर्डावर लागलेली असू द्या.